झाडांचा दिवा आणि भिंतीलगतचा सैल स्क्रू

शहरातल्या फ्लॅटांमध्ये अलीकडे एक नवा कोपरा दिसू लागला आहे. लोखंडी रॅक, त्यावर ट्रे, ट्रेमध्ये मुळ्याचे, मोहरीचे, मेथीचे कोवळे मायक्रोग्रीन्स, आणि वर जांभळट नाहीतर पांढऱ्याशुभ्र उजेडाचे एलईडी. कुणी लेट्यूस लावतं, कुणी ऑर्किड जपतं, कुणी केशराच्या कंदांवर हात आजमावतं. ज्यांच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे त्यांना हे ग्रो लाइट म्हणजे बारमाही सूर्य, आणि पावसाळ्यात तर ती सोय सगळ्यांनाच लागते. हा छंद मला मनापासून आवडतो, तो वाढावा असं वाटतं. म्हणूनच रॅकच्या मागे, जिथे कुणी वाकून बघत नाही, तिथे विजेचं काय चाललेलं असतं हे नीट सांगायला हवं.

‘दिवा तापून आग लागेल का?’ हा प्रश्न बहुतेकांच्या मनात आधी येतो. एके काळी तो अगदी रास्त होता. घरात झाडं वाढवणारे हौशी लोक तेव्हा सोडियम व्हेपरचे ४००, ६००, कधी १००० वॉटचे दिवे टांगत. त्या दिव्यांची काच काहीशे अंशांपर्यंत तापते. वाळलेलं पान किंवा पडद्याचं टोक तिला टेकलं तर पेट घ्यायला पुरेसं असतं. एलईडीने ही भीती बरीच कमी केली. पॅनेलच्या पाठीवरची अॅल्युमिनियमची पट्टी हाताला कोमट ते गरम लागते, एवढंच. पण दिवा सुधारला म्हणून सगळं सुधारलं असं होत नाही. दिव्यापर्यंत वीज पोहोचवणारे प्लग, सॉकेट, बोर्ड आणि जोड होते तसेच राहिले, आणि आता धोका तिथे आहे.

आधी साधा हिशोब करू. रॅकवर खऱ्याखुऱ्या १०० वॉटची सहा पॅनेल आहेत असं समजा. खऱ्याखुऱ्या म्हणण्याचं कारण असं की ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पॅनेलवर ‘१००० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते १०० वॉटच्या आसपास वीज घेतं. खरा आकडा ड्रायव्हरच्या, म्हणजे पॅनेलला वीज पुरवणाऱ्या डबीच्या, बारीक अक्षरांतल्या लेबलवर शोधावा. तर, ६०० भागिले २३० व्होल्ट म्हणजे सुमारे २.६ अँपिअर. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहापैकी खरोखर कामी येणारा वाटा) वाईट असेल तर प्रवाह याच्या दीडपट-पावणेदोनपटही होतो. म्हणून लेबलवर अँपिअर दिलेले असतील तर तेच धरावेत. तरीसुद्धा ६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपतं. इस्त्री याहून जास्त खेचते.

मग काळजी कशाची? पहिली वेळेची. इस्त्री पंधरा-वीस मिनिटं चालते आणि बंद होते, तीही आपल्या डोळ्यांसमोर. ग्रो लाइट रोज चौदा-सोळा तास चालतात, वर्षभर, आपण ऑफिसात असताना आणि झोपेत असतानाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तीन तासांहून जास्त सलग चालणाऱ्या भाराला वेगळा नियम आहे: सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही. कारण उघड आहे. तांब्याला, पितळेला आणि प्लास्टिकला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

दुसरी काळजी मोठी आहे. ती जोडाची.

प्रवाह वाहताना उष्णता निर्माण होते, आणि तिचं प्रमाण प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढं असतं, हे शाळेत आपण शिकलेलो असतो. प्लगची पिन सॉकेटमध्ये घट्ट बसलेली असेल तर तिथला रोध काही मिलिओहम असतो. २.६ अँपिअरला तिथे वॉटचा अगदी किरकोळ अंश उष्णता होते, ती जाणवतही नाही. आता तिथला वायर दाबणारा स्क्रू सैल झाला, किंवा सॉकेटच्या आतली पितळी पात पसरली, आणि रोध एक ओहम झाला. वर्ग करून गुणलं की पावणेसात वॉट येतात. आकडा लहान वाटतो, पण ही उष्णता मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची असते आणि ती शिसं-कथलाचा मिश्रधातू पाण्यासारखा वितळवते.

यात एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जुन्या पिवळ्या बल्बच्या वाटेत सैल जोड असेल तर बल्ब मिणमिणायचा, फडफडायचा. घरातलं कुणीतरी ‘वायरमनला बोलवा’ म्हणायचं. एलईडीच्या ड्रायव्हरचं कामच मुळी असं की येणारा व्होल्टेज थोडा कमीजास्त झाला तरी दिव्याला तेवढाच प्रवाह द्यायचा. सैल जोडात अडीच-तीन व्होल्ट हरवले तर तो ते निमूटपणे भरून काढतो, त्यासाठी भिंतीतून किंचित जास्त प्रवाह ओढतो, आणि उजेडात तसूभर फरक पडू देत नाही. झाडं आनंदात असतात, आपणही. बोर्डात मात्र प्लास्टिक तपकिरी होत असतं.

हे प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने १९७७ साली घरगुती वायरिंगमधल्या लालबुंद तापणाऱ्या जोडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुद्दाम सैल ठेवलेल्या जोडात १५ अँपिअर प्रवाहाला ३५ वॉटपर्यंत, आणि अवघ्या ०.८ अँपिअरलाही ५ वॉटपर्यंत उष्णता मोजली गेली. सॉकेटच्या धातूच्या भागाचं तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं. हे सगळं चालू असताना त्या सर्किटवरचे दिवे आणि उपकरणं व्यवस्थित चालत होती, आणि एकही फ्यूज उडाला नाही, एकही ब्रेकर पडला नाही. ०.८ अँपिअर म्हणजे आपल्या रॅकच्या प्रवाहाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

हा जोड एकदा बिघडला की सुधारत नाही, तो आणखी बिघडत जातो. दिवे लागले की धातू तापून प्रसरण पावतो, विझले की आकुंचन पावतो. रोज एक फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यात स्क्रू केसभर ढिला. फटीत हवा शिरते, तांब्यावर ऑक्साइड चढतं. क्युप्रस ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. तापेल तसा त्याचा रोध कमी होतो, त्यामुळे प्रवाह त्याच एका तापलेल्या रेषेतून वाहायला बघतो आणि ती रेषा निखाऱ्यासारखी लाल होते. शेजारच्या वायरचं पीव्हीसी आवरण कायमच्या वापरासाठी ७० अंशांपर्यंतचं. त्यापुढे दर दहा अंशांना आवरणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आवरण कडक होतं, तडकतं, आणि मग खरा शॉर्ट होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं ते या शेवटच्या क्षणाबद्दल. त्याआधीचे कित्येक महिने त्या बातमीत नसतात.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे!’ असणारच, आणि असायलाच हवी. तिच्यात दोन यंत्रणा असतात. प्रवाह क्षमतेहून जास्त झाला की तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी, आणि शॉर्टसर्किटच्या प्रचंड प्रवाहाला क्षणात खटका पाडणारं विद्युतचुंबक. दोन्हींना फक्त जास्तीचा प्रवाह कळतो. सैल जोड हा प्रवाहाच्या वाटेतलाच अडथळा आहे. त्याने प्रवाह एमसीबीला कळण्याइतका वाढत नाही, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. आरसीसीबी, जिला आपल्याकडे सर्रास ईएलसीबी म्हणतात, ती फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का एवढंच पाहते. इथे तो पूर्ण परत येतो. ठिणग्या ओळखणारी वेगळी उपकरणं असतात. अमेरिकेत नव्या घरांच्या बेडरूमच्या सर्किटांना ती संहितेने २००२ पासून सक्तीची केली. आपल्या घरांत ती क्वचितच दिसतात, आणि ठिणगी न उडवता नुसता लाल होणारा जोड त्यांच्याही हाती लागेलच असं नाही. म्हणजे या एका दोषापुरता पहारेकरी आपणच.

बघायचं कुठे? आधी प्लग, म्हणजे वायरमनच्या भाषेत पिन टॉप. दिवे तीन-चार तास चालू राहू द्या, मग बटण बंद करून पिन टॉप काढा आणि लगेच पिनांना बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल तर तो प्लग आणि ते सॉकेट, दोन्ही बदला. दोनपैकी एकच पिन गरम असेल तर दोष नेमका तिथेच आहे. बिघडलेला पिन टॉप खोलून पाहिला तर ओळख पटायला वेळ लागत नाही: एका पिनेभोवती प्लास्टिकवर तपकिरी कडं, पितळ काळवंडलेलं, आणि त्या टोकाची वायर इंचभर कडक झालेली, वाकवली की आवरणाला चिरा. कधीकधी बोर्डाजवळ मासळीसारखा वास येतो. काही स्विच-सॉकेटांचं प्लास्टिक तापलं की तसाच वास सुटतो. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराला दोष देण्याआधी बोर्ड पाहावा.

सैल जोडांची पैदास करणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे बाजारातलं स्वस्त मल्टिप्लग. चपटी, गोल, जाडी, बारीक, कुठलीही पिन घेणारं ते सॉकेट कुठल्याच पिनेला घट्ट धरत नाही. त्यात १६ अँपिअरच्या प्लगला ६ अँपिअरमध्ये बसवणारा कन्व्हर्टर, त्यापुढे एक्स्टेंशन बोर्ड, त्याला आणखी एक बोर्ड, अशी माळ लागते. माळेतला प्रत्येक दुवा म्हणजे नवे दोन-तीन जोड. वायरी पिळून वर टेप मारलेले जोड तर रॅकवर नकोतच. वायरीच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबण्याची पद्धतही सोडावी. मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल पडतो. त्याऐवजी टोकाला लग, म्हणजे वायरीवर दाबून बसवायची धातूची टोपी, मारून घ्यावी.

आता पाणी. झाडांना घातलेलं खताचं पाणी हे क्षारांचं द्रावण, साध्या पाण्याहून कितीतरी अधिक वाहक. त्याचे शिंतोडे प्लगच्या तोंडावर वाळतात, त्यावर धूळ बसते, आणि दमट दिवशी दोन पिनांमध्ये प्लास्टिकच्या पृष्ठभागावरून अगदी बारीक प्रवाह वाहू लागतो. त्याने प्लास्टिक जळून कोळशाची रेघ उमटते. कोळसा वीज वाहून नेतो, रेघ लांबत जाते आणि एके दिवशी दोन्ही पिना जोडते. मुंबई, रत्नागिरी, गोवा, जिथे खारी हवा पितळेवर हिरवट गंज चढवते, तिथे हे लवकर घडतं. त्यामुळे बोर्ड ट्रेच्या खाली कधीच ठेवू नये. तो भिंतीला, सगळ्यात वरच्या ट्रेच्याही वर बसवावा. आणि सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झोळीसारखी लोंबू द्यावी, मग वर न्यावी. वायरीवरून ओघळणारा थेंब त्या झोळीच्या तळाशी टपकून जातो, सॉकेटपर्यंत चढत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने किती प्लग वाचत असतील!

टायमरचंही एक सांगायला हवं. एलईडी ड्रायव्हरमधले कपॅसिटर दिवे लागण्याच्या क्षणी रिकामे असतात आणि ते भरताना मिलिसेकंदभर दहापट, वीसपट, कधी त्याहूनही जास्त प्रवाह खेचतात. सहा ड्रायव्हर एकदम लागले की टायमरच्या आतल्या रिलेचे (विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचचे) संपर्क त्या झटक्याने चक्क वेल्ड होतात. मग टायमर ‘बंद’ दाखवतो आणि दिवे जळतच राहतात. टायमरवरचा १६ अँपिअर हा आकडा बहुधा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. टायमरने एक कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा मोठा रिले) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने दिवे, किंवा पॅनेल दोन-तीन टायमरांवर वाटून लावावीत.

ठिणगी पडली तर ती कशावर पडेल, याचाही विचार हवा. रॅकभोवती थर्मोकोलचे खोके, शेडनेट, चकचकीत प्लास्टिकचा कागद आणि कोरडं कोकोपीट असतं. पहिली तीन भडकतात. कोकोपीट भडकत नाही, धुमसतं, तासन्‌तास, ज्योत न दाखवता. पानटपरीवर बिडी पेटवायला टांगलेला काथ्याचा दोर याच नारळाच्या काथ्याचा असतो. कोकोपीटची पोती दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि बोर्डाच्या हातभर परिघात यातलं काहीही नको. उजेड परतवायला अॅल्युमिनियम फॉइल लावणाऱ्यांनी ते वायरी-जोडांपासून दूर ठेवावं. ते वीज वाहतं.

नवीन बसवत असाल तर रॅकसाठी भिंतीत एक स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी करून घ्या. आरसीसीबी सैल जोड ओळखत नसली तरी ओल्या हाताला शॉक बसताना जीव वाचवते, आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. पॅनेलची बॉडी धातूची असेल तर तीन पिनांचाच प्लग हवा आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे हे वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावं. भारतात एलईडीच्या ड्रायव्हरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे; आयएस १५८८५ हा मानक क्रमांक आणि नोंदणी क्रमांक नसलेला ड्रायव्हर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्यावेत.

धूर दिसलाच तर आधी मेन स्विच बंद, मग दुसरं काही. वीज चालू असताना पाणी मारायचं नाही; रॅकच्या खोलीच्या दाराशी कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा आग विझवायचा छोटा सिलिंडर असावा. तो दाराशी हवा, रॅकशेजारी नको, म्हणजे आगीवरून हात न घालता घेता येतो. आग आवाक्याबाहेर वाटली तर दार ओढून घेऊन बाहेर पडावं आणि १०१ किंवा ११२ लावावा. छताला बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म लावला तर हे सगळं वेळेत कळतं.

दिव्यांची वेळही बदलून पाहावी. रात्री गारवा असतो म्हणून बरेच जण दिवे रात्रभर चालवतात. झाडाला घड्याळ कळत नाही, त्याला फक्त उजेडाचे आणि अंधाराचे तास हवे असतात. सकाळी सहाला लावून रात्री दहाला बंद केले तरी मुळ्याला आणि मोहरीला सोळा तास मिळतात, आणि घर झोपलेलं असताना बोर्ड थंड असतो.