पोर्तुगीज पासपोर्ट आणि लंडनचे 'फुकट पैसे'

गोव्यात डिचोली-फोंड्याकडे एखाद्याचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे पेपर झाले की लगेच कोणतरी बोलतंच, जा रे लंडनला, मुलं झाली की सरकार टॅक्स क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना सरकारी पैसे) देतं, काम नाही केलं तरी चालतं. हे आधीही अर्धवटच खरं होतं, आता तर नाहीच. चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि वर्किंग टॅक्स क्रेडिट दोन्ही एप्रिल 2025 मध्ये कायमची बंद झाली, त्या जागी युनिव्हर्सल क्रेडिट ही एकच सरकारी मदत आहे.

आणि मुख्य म्हणजे ब्रेक्झिट, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवर सरळ जाऊन राहणं संपलं! 31 डिसेंबर 2020 च्या आधी जे तिथे राहात होते (स्विंडनला आपले किती आहेत बघा) त्यांना सेटल्ड स्टेटस (कायम राहण्याचा हक्क) मिळतं, साधारण पाच वर्षं राहिल्यावर, आणि मग हक्क जवळपास ब्रिटिश माणसासारखेच. पण प्री-सेटल्ड (पाच वर्षं व्हायच्या आधीचं तात्पुरतं स्टेटस) असेल तर नुसतं स्टेटस पुरत नाही, युनिव्हर्सल क्रेडिट मागायचं तर खरोखर काम करताय वगैरे दाखवावं लागतं. म्हणजे 'काम न करता' हेच नेमकं चालत नाही.

आज नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी कामासाठी व्हिसा लागतोच, आणि त्या व्हिसावर सहसा अटच असते की सरकारी मदत घ्यायची नाही. टॅक्स मात्र पगारातून कापला जातो, ते कोण सांगत नाही.

अजून एक, मुलं इकडे आजीकडे ठेवून तिकडे चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मिळत नाही. मुलं तिथेच राहायला हवीत.