ट्रॅक्टरच्या जोडणीचे माप कुठून आले

काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत फिरणारा लहान ट्रॅक्टर आणि काळ्या जमिनीत पलटी नांगर ओढणारा मोठा ट्रॅक्टर यांच्या लिंकच्या, म्हणजे मागे अवजार जोडणाऱ्या दांड्यांच्या, पिना सारख्या नसतात, आणि अवजार घेताना नागपूर परिसरातील शेतकऱ्याला हा फरक पहिल्यांदा जाणवतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात नांगर ट्रॅक्टरमागे नुसता साखळीने ओढला जाई. फाळ दगडात किंवा मुळात अडकला, की ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाई आणि तो चालकावर उलटा कोसळण्याचा धोका असे. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी खालच्या दोन लिंक आणि वरची एक टॉप लिंक अशी तीन ठिकाणांची जोडणी विकसित केली. तिच्यामुळे नांगर अडला तरी टॉप लिंकमधून येणारा दाब ट्रॅक्टरचे पुढचे टोक खाली धरून ठेवतो. याच दाबावरून ट्रॅक्टरची हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, यंत्रणा नांगराची खोलीही सावरते. कल्पनेची खरी थोरवी इथेच आहे, असे मला वाटते.

1939 मध्ये फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर ही पद्धत आली आणि झपाट्याने पसरली. पुढे फोर्ड व फर्ग्युसन यांच्यात पेटंटवरून मोठा खटला झाला, जो 1952 मध्ये तडजोडीने मिटला. दरम्यान इतर कंपन्या आपापल्या वेगळ्या जोडण्या वापरत होत्या, त्यामुळे एकाचे अवजार दुसऱ्याला बसत नसे. पेटंटची मुदत सरल्यावर मात्र तीन बिंदूंचीच पद्धत सर्वांनी स्वीकारली आणि तिच्या मापांचे वर्ग ठरले.

मूळ मापे इंचांतली, म्हणून मिलिमीटरमध्ये ती अडनिडी दिसतात. पहिल्या वर्गात टॉप लिंकची पिन सुमारे 19 आणि खालची सुमारे 22 मिलिमीटर असते, तर दुसऱ्या वर्गात हीच मापे सुमारे 25 आणि 28 होतात. खालच्या दोन्ही जोडबिंदूंमधले अंतर पहिल्या वर्गात सुमारे 683, तर दुसऱ्यात सुमारे 825 मिलिमीटर असते. अरुंद ट्रॅक्टरसाठी आयएसओ 730 या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये ‘एन’ हे अक्षर जोडलेले उपवर्ग आहेत.

लहान अवजाराच्या पिनेवर बुश, म्हणजे जाडी वाढवणारी धातूची नळी, चढवून ते मोठ्या ट्रॅक्टरला जोडता येते, परंतु वर्ग हा पिनेच्या जाडीइतकाच ट्रॅक्टरच्या ताकदीवरही ठरवलेला असल्यामुळे, बुश बसला म्हणून अवजाराचा सांगाडा ती ओढ सोसेलच असे नाही.