एआय यंत्रे आणि माणूस : संवादरचना

एआयवर चालणारे यंत्र आणि त्याच्या आसपास वावरणारा माणूस यांच्यातील देवाणघेवाण आखण्याचे शास्त्र. यंत्र म्हणजे येथे रोबो, स्वयंचलित मोटार, ड्रोन, सिग्नल अशी प्रत्यक्ष जागा व्यापणारी वस्तू. पडद्यावरची चूक पुसता येते, रस्त्यावर किंवा पाण्यात झालेली पुसता येत नाही. म्हणून यंत्राला काय दिसते आहे, ते आता काय करणार आहे आणि त्याला थांबवायचे कसे, हे माणसाला वेळेत कळणे हा या शास्त्राचा गाभा आहे.

निर्णयात माणसाचा वाटा किती आणि यंत्राचा किती, याची दहा पायऱ्यांची उतरंड शेरिडन आणि व्हरप्लँक या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडली, तीही समुद्राखाली दुरून चालवायच्या यंत्रांसाठी. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी दाखवून दिले की, यंत्र जितके जास्त काम उचलते तितका माणसाचा सराव सुटत जातो आणि नेमक्या अवघड क्षणी काम पुन्हा त्याच्याच गळ्यात येते. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी येथे उबरच्या स्वयंचलित चाचणी मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली व तिचा मृत्यू झाला. मोटारीला समोर काहीतरी आहे हे काही सेकंद आधी दिसले होते. पण आत बसलेल्या चालिकेला वेळेत तसा इशारा मिळाला नाही.

गोव्यात हा प्रश्न सर्वांत जवळून दिसतो तो किनाऱ्यावर. येथील जीवरक्षणाचे काम २००८ पासून दृष्टी मरीन ही संस्था पाहते. तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ऑरस’ हा आपोआप गस्त घालणारा रोबो मिरामारला, तर ‘ट्रायटन’ ही टेहळणी यंत्रणा बायणा, वेळसाव, बाणावली, गालजीबाग येथे आणल्याचे जाहीर केले. पोहण्यास मनाई असलेल्या भागात कोणी उतरले, तर पर्यटकाला सावध करणे आणि जवळच्या जीवरक्षकाला कळवणे हे ट्रायटनचे काम.

अशा यंत्रणेचा खरा कस लागतो तो निरोपाच्या शेवटच्या टप्प्यावर. जीवरक्षकाचे हात ओले, वाळूने माखलेले. ओल्या बोटाला टचस्क्रीन धड दाद देत नाही, भर दुपारी पडदा नुसता चकाकतो आणि दर्याच्या गाजेत मोबाइलची बारीक घंटी विरून जाते. त्याला हवी असते मनगटावरची थरथर आणि एकच गोष्ट : उजवीकडे की डावीकडे, किती लांब. नकाशा उघडून बघण्याइतकी उसंत नसते, कारण बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याचे शरीर पाण्यात उभेच असते, तोंड वरखाली होत राहते. लांबून तो खेळतोय असेच वाटते. यंत्र जरा जास्त संवेदनशील ठेवले, तर दिवसभर ‘लांडगा आला रे आला’ होते आणि संध्याकाळपर्यंत कोणी मान वर करून बघत नाही. कमी ठेवले, तर जीव जातो.

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब आणि खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो. अशा वेळी हिरवा दिवा तसाच तेवत राहणे घातक आहे. ‘धोका नाही’ आणि ‘मला दिसत नाही’ यांना वेगवेगळ्या खुणा हव्यात. प्रस्तुत लेखकाच्या मते किनाऱ्यावरच्या कोणत्याही यंत्राची पहिली परीक्षा हीच असावी.

पर्यटकाच्या बाजूचा विचार त्याहून कमी होतो. बेळगाव-कोल्हापूरकडून एका दिवसासाठी आलेल्या कुटुंबाला इंग्रजी घोषणा उपयोगाची नाही. कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड या भाषा लागतातच. किनाऱ्याला स्वतःची भाषाही आहे : दोन लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहायचे, लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचे नाही. रोबोने नवी चिन्हे शोधण्यापेक्षा हीच बोलावी.

पणजीजवळच्या मेर्शी चौकात जून २०२३ मध्ये एआय सिग्नल सुरू झाला. नियम मोडला की दंडाचे चलन आपोआप निघते, म्हणजे यंत्र माणसाशी बोलते ते गोष्ट घडून गेल्यावर. तेव्हा फोटो, वेळ आणि हरकत घेण्याची वाट चलनासोबतच मिळणे हाही रचनेचाच भाग ठरतो. रुग्णवाहिकेला जागा करून देताना ज्याच्या स्कूटरचे चाक रेषेपुढे गेले, त्याला आपली बाजू कुठल्यातरी माणसापुढे मांडता आली पाहिजे.