मायक्रोसॉफ्ट खटल्याचे वार्तांकन : पार्श्वभूमी

मक्तेदारीच्या खटल्यात माध्यमे कुणाकडे झुकली, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९११ मध्ये अमेरिकेतली बलाढ्य तेल कंपनी फोडली गेली, त्याच्या कितीतरी आधी एका मासिकातल्या लेखमालेने लोकांचे मत बनवून टाकले होते. आजच्या वादाला वळण मिळाले ते मात्र अमेरिकी सरकारने मक्तेदारीच्या आरोपावरून मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात.

ऑक्टोबर १९९८ मध्ये वॉशिंग्टनला सुनावणी सुरू झाली. कोर्टात कॅमेऱ्यांना मज्जाव होता, म्हणून बातमी शिजायची ती पायऱ्यांवर. दोन्ही बाजूंचे वकील बाहेर येऊन ‘आजचा दिवस आमचा’ असे सांगत. संस्थापक बिल गेट्स यांची चित्रफितीवर घेतलेली जबानी तासन्‌तास चालली होती. प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते उत्तर टाळतानाचे तुकडे. कंपनीही काही गरीब गाय नव्हती. एका वृत्तवाहिनीत तिची भागीदारी होती, एक ऑनलाइन नियतकालिक तिच्याच मालकीचे होते. जून १९९९ मध्ये मक्तेदारीविरोधी कारवायांना विरोध करणारे २४० अभ्यासकांच्या सहीचे पत्र पानभर जाहिरातीत झळकले. पैसे कंपनीचे होते, हे सप्टेंबरमध्ये उघड झाले.

खरा घोळ न्यायाधीशांनी घातला. निकाल लागेपर्यंत छापायचे नाही, या अटीवर ते निवडक पत्रकारांशी खासगीत बोलत राहिले, तेही निदान सप्टेंबर १९९९ पासून, म्हणजे तथ्यांवरचे निष्कर्ष (नेमके काय घडले याबद्दलचा त्यांचा निर्णय) जाहीर होण्याआधीपासून. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला आणि मुलाखती बाहेर आल्या. त्यांत गेट्स यांची तुलना नेपोलियनशी होती. अपील न्यायालयाने जून २००१ मध्ये या न्यायाधीशांना खडे बोल सुनावले, विभाजनाचा आदेश रद्द केला आणि खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे सोपवला. पहिल्या न्यायाधीशांचे तथ्यांवरचे निष्कर्ष मात्र कायम ठेवले, कारण प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध झाला नव्हता. ही कसरत अनेकांना पटली नाही. शेअर बाजार ज्या खटल्याकडे डोळे लावून होता, त्यातल्या न्यायाधीशांचे मन काही बातमीदारांना आधीच ठाऊक होते. त्यांनी गप्प राहायचे कबूल केले, याची चर्चा मात्र फारच थोडी झाली.

अमेरिकेतच २०२३ मध्ये चाललेल्या गूगलच्या मक्तेदारीच्या खटल्यात तक्रार उलटी होती: साक्षींचा बराच भाग बंद दाराआड गेला आणि वृत्तपत्रांना कागदपत्रे खुली करून मागावी लागली. भारतात तर डिजिटल वृत्तप्रकाशकांची संघटनाच गूगलविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश निघाला. मराठी दैनिके चालवणारे समूहही त्या संघटनेत आहेत. गूगलवरच्या बातमीखाली ‘आमचा समूहही तक्रारदार संघटनेत आहे’ अशी तळटीप क्वचितच दिसते.