दुधातले औषधांचे अवशेष (तपासणी)

जनावराला दिलेलं औषध, मुख्यतः अँटिबायोटिक, दूध-अंडी-मांस-मधात किती उरलंय ते शोधायची पद्धत. सांगली-साताऱ्यात हा आधी दुधाचाच विषय, कारण पलूस-वाळव्यापासून फलटणपर्यंत गावोगाव सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं. अवशेष बहुतेक दगडीच्या, म्हणजे कासेच्या सुजेच्या, उपचारातून येतात: कास टणक झाली की सडात ट्यूब सोडतात आणि ते औषध पुढचे काही दिवस धारेतून उतरत राहतं.

तपासणी कशातून सुरू झाली यावर दोन मतं आहेत, एक पेनिसिलिनच्या ॲलर्जीची काळजी, दुसरं चीजवाल्यांची तक्रार. पेनिसिलिन १९२८ चं, पण कासेत ते साधारण १९४० च्या दशकात जायला लागलं आणि चीजचं विरजण लागेना, त्यामुळं दुसरं मत जास्त पटतं. आपल्याकडंही ट्यूब चालू असलेल्या म्हशीचं दूध विरजलं तर सकाळी पातेल्यात दही न लागता दूधच दिसू शकतं. थंडीनं किंवा जुन्या विरजणानंही असं होतं, म्हणून हा इशारा समजावा, पुरावा नाही.

१९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये आलेली चाचणी याच तत्त्वावर चालते, म्हणजे दुधात औषध असलं की जिवाणू वाढत नाही. अँप्युलमध्ये (छोट्या कुपीत) जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा जिवाणू असतो, दूध टाकून ६४ अंशाला साधारण तीन तास ठेवायचं, जिवाणू वाढला की आम्ल होऊन जांभळा रंग पिवळा होतो, औषध असेल तर जांभळाच राहतो. पेनिसिलिन तिला चांगलं सापडतं, टेट्रासायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक तितकंसं नाही. टँकर थांबवून ठेवता येत नाही म्हणून डेअरीत स्ट्रिप (दुधात बुडवायची तपासणी-पट्टी) वापरतात, काही मिनिटांत रेघ उमटते, बहुतेक स्ट्रिपमध्ये रेघ फिकी पडली तर दूध संशयित. नक्की आकडा लॅबमधल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीतूनच (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखून मोजायची पद्धत) कळतो.

कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, दुधातली मर्यादा पेनिसिलिनला किलोमागे ४ मायक्रोग्रॅम, टेट्रासायक्लिनला १००. उकळल्यानं पेनिसिलिन फारसं जात नाही. औषध दिल्यावर किती दिवस दूध-मांस वापरायचं नाही ती मुदत लेबलवर दिलेली नसेल तर भारतीय नियमानं दूध-अंड्याला किमान ७ दिवस, मांसाला २८. एकाच सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांतही पोचतं. हे प्रत्येक गोठ्यात सांगितलंच पाहिजे.

कोंबड्यांत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक भारतात २०१९ पासून बंद आहे.