सामाईक विहीर आणि शेजाऱ्याचं ठिबक

आफ्रिकेतल्या देशांनी एकत्र येऊन केलेल्या व्यापारी-राजकीय संघांचा विषय निघाला की "युरोपची नक्कल केली आणि फसले" असं सरसकट बोललं जातं. मला हे खटकतं, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला तरी हा फरक चटकन कळेल.

एक असते वारशाची सामाईक विहीर. पाळ्या आजोबांनी लावून दिलेल्या, पहिली पाळी थोरल्याची. चैत्र-वैशाखात पाणी उतरलं की धाकट्याची केळी करपते. दक्षिण आफ्रिकेचा जकात संघ, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात अशी व्यवस्था, असाच. तो १९१० चा, म्हणजे युरोपच्या सामाईक बाजाराचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम कराराआधी ४७ वर्षांचा. मग नक्कल कसली? इंग्रजी अमलातच तो झाला. जमा जकातीतला ९८ टक्क्यांहून जास्त वाटा दक्षिण आफ्रिकेचा. उरलेल्या चिमूटभरात आजचे बोट्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी. जकातीचे दरही दक्षिण आफ्रिकाच ठरवायची. १९६९ मध्ये वाटे बदलले. पण दर सगळ्यांनी मिळून ठरवायचे, हे मान्य व्हायला २००२ चा करार यावा लागला.

दुसरं, शेजाऱ्याच्या काळ्या रानातलं ठिबक बघून तोच आराखडा आपल्या मुरमाड रानात टाकणं. २००२ चा आफ्रिकी संघ पाहा. आयोग, संसद, नावंसुद्धा युरोपच्या वळणाची. त्याची संसद २००४ पासून भरते, पण कायदे करत नाही, सल्ला देते. युरोप मात्र इथवर हळूहळू आला: १९५१ मध्ये सहा देशांच्या कोळसा-पोलादाच्या सामाईक कारभारापासून सुरुवात केली होती. तिथल्या लोकांनी संसद थेट निवडली ती १९७९ मध्ये. गोरे राज्यकर्ते गेले तरी शहाणपण त्यांच्याच घरी आहे असं वाटत राहतं, ही गुलामी मला जास्त खोल वाटते.

म्हणून इलाजही वेगळे. नकलेत आधी आपली माती तपासावी लागते. वारशात भावांनी बसून पाळ्या बदलाव्या लागतात, आणि ते जमतं. केनिया, युगांडा आणि टांझानियाचा इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला संघ १९७७ मध्ये मोडला. कारखानदारी केनियात एकवटली, ही बाकीच्या दोघांची जुनी तक्रार होती. २००५ मध्ये नवा जकात संघ सुरू झाला, तेव्हा त्या दोघांचा माल केनियात बिनजकात, पण केनियाच्या काही मालावर पाच वर्षं उतरती जकात, असं ठरलं.