पार्श्वभूमी : मुंबईतल्या डेव्हलपरांची देवाणघेवाण कुठून आली

मुंबईत शनिवारी दुपारी अंधेरीत किंवा पवईत एखाद्या कंपनीच्या कँटीनमध्ये डेव्हलपर मंडळी जमलेली दिसतात. कुणी घरी बसून लिहिलेलं टूल पडद्यावर दाखवतं, कुणी आपल्या टीममध्ये जागा निघाल्याचं सांगतं. चहाच्या वेळी शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी कुणाला तरी गाठून आपला कोड बघायला लावते. नव्याने येणाऱ्यांना वाटतं, हे सगळं मीटअपच्या जमान्यात सुरू झालं. पण याची मुळं कुलाब्यात आहेत. या शहरात ज्या वेळी जे दुर्मीळ होतं, ते लोकांनी त्या वेळी वाटून घेतलं.

सुरुवातीला दुर्मीळ होतं ते यंत्रच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने 1956 पर्यंत एक प्रायोगिक संगणक उभा केला आणि 1960 मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागलं. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफरॅक ठेवलं. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट. 1964 साली तिथेच सीडीसी 3600 हे मोठं यंत्र आलं आणि बाहेरच्या संस्थांचे लोकही आपापली कामं घेऊन कुलाब्याला येऊ लागले. यंत्र एक आणि रांगेत अनेक, त्यामुळे यंत्राचे तास वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 1965 मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तीसुद्धा संगणक वापरणाऱ्यांच्या गटातूनच. तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच होते.

टीआयएफआरमधल्याच एका केंद्रातून 1985 मध्ये एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही वेगळी संस्था झाली. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख होते. जुहूच्या या संस्थेने काय काय केलं हे आज फारसं कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. 1986 मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातली ती एक मुख्य संस्था होती. देशाबाहेर जाणारी अर्नेटची पहिली लाईन 1989 मध्ये तिथूनच जोडली गेली, आणि 'डॉट इन' पत्त्यांचा कारभार बरीच वर्षं तिथेच होता. संगणकाची पदवी नसलेल्यांनाही देता येईल अशी एक परीक्षा एनसीएसटी घेत असे, सीएसटी नावाची. आमच्या डोंबिवलीच्या चाळीतले एक काका बँकेतली नोकरी सांभाळून तिचा अभ्यास करायचे. संधी वाटायची ती एक रीतच होती. 2003 मध्ये ही संस्था सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली.

15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई त्या पहिल्या मोजक्या शहरांत होती. विद्यार्थ्यांना फक्त अक्षरं दिसणारं स्वस्त शेल अकाउंट मिळे. एका मुलाच्या नावावर अकाउंट आणि वापरणारे पाच, हे आम्ही सगळ्यांनीच केलंय. फोनचं बिल मात्र ज्याच्या घरी लाईन त्याच्या वडिलांना.

यानंतरचा काळ माझा स्वतःचा, म्हणून थोडं रेंगाळतो. लिनक्स ही कुणालाही वापरता-वाटता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिची एक सीडी म्हणजे साधारण 650 मेगाबाइट. 56 केच्या मोडेमवर सेकंदाला पाच किलोबाइट मिळाले तरी नशीब, म्हणजे लाईन न तुटता छत्तीस तास. घरचा फोन दीड दिवस कोण अडकवून ठेवू देणार? म्हणून सीडी हातोहात फिरायच्या. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तो अंक स्टॉलवर आला की निरोप जायचा. एकजण विकत घ्यायचा, ज्याच्याकडे सीडी रायटर तो कॉपी करायचा, आणि कोऱ्या सीडी लॅमिंग्टन रोडवरून गठ्ठ्याने यायच्या. वर काळ्या मार्करने नाव आणि आवृत्ती लिहिलेली असे. एखादी सीडी खराब निघाली तर ती कुणी कॉपी केली हे अक्षरावरून कळायचं. लिनक्सच्या परवान्यात वाटायला मुभाच होती, त्यामुळे हे सगळं राजरोस चालायचं.

सीडी मिळाली तरी ती मशीनवर चढवणं वेगळंच. त्यासाठी इन्स्टॉल फेस्ट. लोक आपापला कॅबिनेट चादरीत गुंडाळून लोकलच्या मालडब्यातून आणायचे. मुंबईतल्या लिनक्स युजर ग्रुपच्या बैठका कधी माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये, कधी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्हायच्या. या केंद्रातले जी. नागार्जुन मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले मोठे कार्यकर्ते, त्यामुळे तिथे दार उघडं असायचं. डोंबिवलीहून मानखुर्द म्हणजे कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर. रविवार असला तर आधी मेगाब्लॉक बघायचा. तारीख ठरवताना वक्त्याच्या सोयीइतकाच मेगाब्लॉकचा विचार व्हायचा.

हॉल मिळणं हा या शहरातला कायमचा प्रश्न. एकदा एका कॉलेजने दिलेली परवानगी ऐनवेळी मागे घेतली. वीस-पंचवीस जण गेटबाहेर उभे, वॉचमन आत सोडेना. शेवटी जवळच्या उडुप्याकडे तीन टेबलं जोडून बैठक झाली. त्या दिवशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करायला मी शिकलो, कागदी रुमालावर.

त्याच काळातली आणखी एक देवाणघेवाण मराठी वाचकाच्या जास्त जवळची आहे. लिनक्सवर देवनागरी उघडली की तेव्हा चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसायची. 2000 च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स हा प्रकल्प सुरू केला, भारतीय भाषा लिनक्सवर आणण्यासाठी. अक्षरं आली ती र. कृ. जोशींकडून. मराठीतले कवी, सुलेखनकार, आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातले शिक्षक. विंडोजमधला मंगल फाँट त्यांचा, आणि एनसीएसटीत त्यांनी केलेला देवनागरी फाँट जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला झाला. पुढे 'एक टाईप' या मुंबईच्याच गटाने 'मुक्त' आणि 'बलू'सारखे फाँट खुल्या परवान्याने दिले. आज कितीतरी मराठी संकेतस्थळं याच अक्षरांत वाचली जातात.

भाषांतराच्या बैठकांना मीही बसलोय. 'सेव्ह'ला 'साठवा' म्हणायचं की 'जतन करा' यावर एक अख्खी दुपार गेली. साठवणं म्हणजे डब्यात भरून ठेवणं, जतन म्हणजे सांभाळणं, असं एका शिक्षिकेचं म्हणणं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

2006 नंतर बारकॅम्प नावाचे खुले मेळावे आले, मग पायथॉन, वर्डप्रेस, गूगलच्या तंत्रज्ञानाचे गट. हॉलची जागा ऑफिसांनी घेतली. आयआयटी मुंबईतून दोन मोठी कामं झाली. कन्नन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियलमुळे सॉफ्टवेअर शिकवणारे धडे मराठीतही मिळाले. आणि फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातल्या एका उपक्रमात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून द्यायचे आणि त्याचं मानधन मिळवायचे. ज्याच्या घरी कुणी इंजिनिअर नाही, त्याच्यासाठी कोड लिहून मिळालेले पहिले पैसे फार मोठी गोष्ट असते.

मुंबईतून निघालेल्या प्रकल्पांमध्ये रुशभ मेहतांच्या ईआरपीनेक्स्टचं नाव घ्यायलाच हवं. घरच्या धंद्याचा हिशेब नीट ठेवता यावा या गरजेतून आलेलं हे सॉफ्टवेअर त्यांनी खुलं केलं. पुढे ईआरपीनेक्स्ट आणि शेअर दलालीतल्या झिरोधा कंपनीच्या लोकांनी मिळून फॉस युनायटेड ही मुक्त सॉफ्टवेअरची संस्था उभी केली, तिच्या बैठका मुंबईत होतात. 2024 मध्ये झिरोधाने खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. सीडी पदरमोड करून वाटणाऱ्यांच्या पिढीला हा आकडा वाचून भरून आलं.

आता यंत्र, लाईन, फाँट सगळं मुबलक आहे, संधीही खूप आहेत. खुल्या प्रकल्पांत काम करून पैसे मिळवून देणारं गूगल समर ऑफ कोड 2005 पासून आहे आणि 2022 पासून फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. दुर्मीळ झालाय तो दुसऱ्याचा कोड वाचणाऱ्याचा वेळ. खुल्या प्रकल्पांना कोड पाठवण्याचा हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम दर ऑक्टोबरात होतो; 2020 मध्ये त्यात टी-शर्टासाठी जगभरातून इतके फालतू बदल पाठवले गेले की प्रकल्प सांभाळणारे कंटाळले. शेवटी ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनी तसं आधी सांगायचं, असा नियम आयोजकांना करावा लागला. मुंबईच्या गटांतही दिवसाला दहा लिंका येतात. पण "माझा पॅच (कोडमध्ये केलेला बदल) कुणी बघेल का" या प्रश्नाखाली दोन दोन दिवस शांतता असते.

माझा पहिला पॅच मी प्रिंट काढून मानखुर्दच्या बैठकीला नेला होता. सात पानं. वेळ संपली, हॉल बंद करायचा होता. गटातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, चल, गाडीत बघू. कुर्ल्याला कल्याण स्लोमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ओळीओळीने प्रश्न विचारायला लागले, ही मेमरी कोण सोडणार, इथे शून्य आलं तर काय. ठाण्यापर्यंत चार पानं झाली. सातवं पान डोंबिवलीला गाडी शिरताना संपलं, तेव्हा तेही माझ्याबरोबर उतरले आणि पूल ओलांडून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर गेले. त्यांचं घर मुलुंडला होतं.